न छापलेल्या मेथड्स : प्रस्तावना

२०१२-१३च्या सुमारास गोराईतल्या कोणत्याही मोबाइलच्या दुकानात गेलात, तर काउंटरच्या काचेखाली सगळ्यात पुढे मांडलेले असायचे ते दोन सिमचे फोन. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि आणखी कितीतरी. कारण उघड होते. एका कंपनीचे बोलण्याचे दर स्वस्त, दुसरीचे नेटचे. खाडीच्या अलीकडे वसाहतीत एकीची रेंज चांगली, जेट्टीवरून बोट पकडून पलीकडे गोराई गावात उतरले की दुसरीची. फोन एक आणि नंबर दोन हा व्यवहार इथल्या भाजीवाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. त्याचा पत्ता नव्हता तो अँड्रॉइडला. ॲप लिहिणाऱ्यांसाठी गूगलने जी कागदपत्रे प्रसिद्ध केली होती, त्यांत टेलिफोनी मॅनेजर नावाचा एक क्लास होता आणि त्या क्लासच्या लेखी फोनला सिम एकच आणि आयएमईआय एकच.

दुसरे सिम मात्र फोनमध्ये बसलेले होते, त्यावर कॉल येत होते, मेसेज जात होते. म्हणजे ते सांभाळणारा कोड कुठेतरी असलाच पाहिजे. तो होता आणि त्याच क्लासमध्ये होता. या फोनांपैकी बऱ्याच फोनांत मीडियाटेकची चिप असे. मीडियाटेकच्या इंजिनियरांनी अँड्रॉइडच्या त्या क्लासमध्ये आपल्या जादा मेथड्स घातल्या होत्या, नावाच्या शेवटी ‘जेमिनी’ जोडून. ‘गेट-डिव्हाइस-आयडी-जेमिनी’ हे त्यातले सगळ्यात जास्त फिरलेले नाव. तिला शून्य दिले की पहिल्या खाचेचा आयएमईआय मिळे, एक दिले की दुसऱ्या खाचेचा. गूगलच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख नाही, म्हणून कंपायलरलाही ती माहीत नाही. सरळ लिहिली तर बिल्डच होत नसे. तेव्हा लोकांनी काय केले? मेथडचे नाव साध्या मजकुरासारखे अवतरणचिन्हांत लिहिले आणि ॲप चालू झाल्यावर त्या क्लासलाच विचारले : या नावाची मेथड तुझ्याकडे आहे का? असेल तर चालव. नसेल तर येणारा अपवाद झेला आणि पुढचे नाव विचारा, कारण दुसऱ्या चिपवाल्याने तीच गोष्ट वेगळ्या नावाने ठेवलेली असायची. दोन सिमांवर मेसेज पाठवणारी त्या काळातली ॲप्स आतून पाहिली, तर अशी नावांची शिडीच्या शिडी दिसते, आणि प्रत्येक पायरीवर एकेका फोनचा अनुभव लिहिलेला असतो.

हे पुस्तक त्या कामाविषयी आहे. प्रणालीने बाहेर न दाखवलेल्या क्लासेसपर्यंत आणि खासगी फ्रेमवर्कपर्यंत ॲप चालू असताना कसे पोचायचे, पोचल्यावर काय दिसते, आणि तिथे कुठवर जायचे. गोराईत एका सोसायटीच्या ऑफिसात रविवारी भरणाऱ्या वर्गाच्या टिपणांतून ते तयार झाले. लिहिणारी मुले-मुली बहुतेक याच वसाहतीतली, बोरिवलीहून लोकल पकडून अंधेरीला किंवा पवईला कामाला जाणारी. हा विषय मराठीत लिहायला कुणी बसले नव्हते. इंग्रजीतही तो तुकड्यातुकड्यांत सापडतो, आणि तिथे बहुतेकदा फक्त ‘हे असे चालते’ एवढेच सांगितलेले असते. का चालते, कधी थांबते आणि थांबल्यावर कुणाचे नुकसान होते, हे लिहिलेले नसते. या मुलांनी ते लिहिले आहे. म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

आयफोनपासून सुरुवात करू, कारण पुस्तकाचा मोठा भाग त्याचाच आहे.

आयफोनच्या फाइल सिस्टिममध्ये सिस्टिम, त्याखाली लायब्ररी, आणि त्याखाली दोन फोल्डर आहेत. एकाचे नाव फ्रेमवर्क्स, दुसऱ्याचे प्रायव्हेट फ्रेमवर्क्स. पहिल्यातली फ्रेमवर्क्स सगळ्यांसाठी. त्यांची कागदपत्रे आहेत, हेडर फाइली आहेत, आणि बदल करायचा तर ॲपल आधी सांगते. दुसऱ्या फोल्डरातली ॲपलच्या स्वतःच्या ॲप्ससाठी आणि प्रणालीच्या अंतर्गत कामांसाठी. संख्येने ती पहिल्यांच्या कितीतरी पट आहेत. अलीकडच्या आयओएसमध्ये ती हजाराच्या पुढे गेली आहेत. नव्या मुलांना वाटते, एवढे लपवले आहे म्हणजे आत काहीतरी गुपित असणार. बहुतेक ठिकाणी तसे काही नसते. एखादी गोष्ट अजून कच्ची असते, नावे ठरायची असतात, पुढच्या वर्षी ती सगळीच मोडून नव्याने लिहायची असते. एकदा सर्वांना खुली केली की लाखो ॲप्स तिच्यावर उभी राहतात आणि ती वर्षानुवर्षे तशीच सांभाळावी लागते. खासगी ठेवणे म्हणजे बदलण्याची मोकळीक हातात ठेवणे. ही गरज खरी आहे, आणि ज्याने स्वतः एखादी लायब्ररी दहा जणांना वापरायला दिली आहे त्याला ती लगेच पटते.

मग जे खासगी आहे ते बाहेरच्या ॲपला सापडतेच कसे? उत्तर जुने आहे. ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. सी भाषेवर त्यांनी स्मॉलटॉकची कल्पना बसवली. तिथे वस्तू एकमेकींना निरोप पाठवतात आणि निरोप घेणारी वस्तू त्याचे काय करायचे ते त्याच क्षणी ठरवते. स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीने १९८८मध्ये ही भाषा घेतली. ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचे १९९६च्या डिसेंबरात जाहीर केले आणि त्या व्यवहाराबरोबर ही भाषा मॅकवर आणि पुढे आयफोनवर आली. साध्या सीमध्ये फंक्शनला बोलावले की तिथे एक पत्ता असतो आणि नाव मागे पडते. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये नाव शेवटपर्यंत जिवंत राहते. प्रत्येक निरोप ‘ओबीजेसी-मेसेज-सेंड’ या एका फंक्शनमधून जातो. ते वस्तूच्या क्लासच्या यादीत नाव शोधते, तिथे नसेल तर त्याच्या वरच्या क्लासमध्ये, मग त्याच्याही वर. कुठेच मिळाले नाही तर वस्तूला शेवटची संधी देते आणि मग ‘अनरेकग्नाइज्ड सिलेक्टर’ म्हणून ॲप कोसळते. या शोधात कुठेही ‘हे नाव छापील कागदपत्रात आहे का’ असा प्रश्न नसतो. रनटाइमला सार्वजनिक आणि खासगी हा भेदच कळत नाही. तो भेद हेडर फाइलींत आहे आणि ॲप स्टोअरच्या नियमांत आहे.

पुस्तकातला पहिला सराव हे डोळ्यांनी दाखवतो. ब्लूटूथ मॅनेजर नावाचे एक खासगी फ्रेमवर्क आहे आणि त्यात त्याच नावाचा क्लास आहे. ॲपमध्ये ‘एनएस-क्लास-फ्रॉम-स्ट्रिंग’ला ते नाव दिले की उत्तर येते ‘निल’, म्हणजे असा क्लास नाही. कारण फ्रेमवर्क अजून आपल्या प्रक्रियेत चढवलेलेच नाही. मग ‘डीएल-ओपन’ला त्याचा पूर्ण मार्ग द्यायचा आणि पुन्हा विचारायचे. आता क्लास हजर. त्याच्या मेथड्सची यादी मागितली की पडद्यावर नावे सरकू लागतात आणि वर्गात नेहमी थोडा गलका होतो, कारण नावे वाचून काम कळते : सेट-पॉवर्ड, एनेबल्ड आणि अशी बरीच.

याच सरावात एक जागा आहे जिथे हुशार मुलेही अडखळतात, आणि ती जागा लेखकांनी घाई न करता उलगडली आहे. फोनवर त्या फ्रेमवर्कचे फोल्डर उघडून पाहिले तर आत फ्रेमवर्कची मूळ बायनरी फाइलच नसते. जी फाइल नाही ती चढली कशी? आयओएस ३.१पासून ॲपलने प्रणालीच्या सगळ्या लायब्रऱ्या एकाच मोठ्या फाइलमध्ये एकत्र गुंफल्या आहेत. तिला डीवायएलडीचा शेअर्ड कॅश म्हणतात. ॲप लवकर उघडावीत आणि सगळ्या ॲप्सना मेमरीतली एकच प्रत पुरावी, हा हेतू. डीएल-ओपनला दिलेला मार्ग हा त्या कॅशमधले नाव शोधण्यापुरता असतो. मार्ग आहे, फाइल नाही, तरीही क्लास हजर. हे एकदा नीट कळले की फोनच्या आतली रचना डोक्यात पक्की बसते, आणि माझ्या मते या विषयाचा सगळ्यात मोठा लाभ हाच आहे. खासगी फ्रेमवर्क वापरून काही मिळवण्यापेक्षा, ते शोधताना प्रणाली जी समजते ती कमाई टिकते.

सराव पुढे जातो. क्लास मिळाला, वस्तू मिळाली, सेट-पॉवर्डचा निरोप पाठवला. मेथड खरेच चालते. पण साध्या ॲपमधून आज ब्लूटूथ काही बंद होत नाही. कारण क्लास आपल्या प्रक्रियेत असला तरी खरे काम दुसरीकडे, प्रणालीच्या वेगळ्या सेवेत होते. ती सेवा विचारते, निरोप पाठवणाऱ्या ॲपच्या सहीत या कामाची मंजुरी आहे का? ॲपलच्या भाषेत एंटायटलमेंट. ॲपवर डिजिटल सही करताना ती बांधली जाते आणि बाहेरच्या ॲपला ती मिळत नाही. पहिल्या काही वर्षांत हा पहारा ढिला होता. कोअर टेलिफोनीमध्ये ‘सीटी-सेटिंग-कॉपी-माय-फोन-नंबर’ नावाचे एक न छापलेले फंक्शन होते. ॲपने ते बोलावले की वापरणाऱ्याचा फोन नंबर हातात येई, परवानगीची चौकट न दिसता. पुढे तेही मंजुरीमागे गेले. फोनवर कोणती ॲप्स आहेत त्याची सगळी यादी देणारा ‘एलएस-ॲप्लिकेशन-वर्कस्पेस’ हा खासगी क्लास तर बरीच वर्षे उघडा राहिला आणि आयओएस ११मध्ये बंद झाला. नाव लपवणे म्हणजे सुरक्षा नव्हे, हे ॲपललाही टप्प्याटप्प्याने उमगले. खरे रक्षण नाव लपवल्याने झाले नाही, दुसऱ्या प्रक्रियेत बसलेल्या पहाऱ्यामुळे झाले.

ॲप स्टोअर १० जुलै २००८ला उघडले. ‘ॲप्सनी फक्त सार्वजनिक एपीआय वापरावीत’ हा नियम आज मार्गदर्शक तत्त्वांत २.५.१ या क्रमांकाखाली आहे. तो मोडणारे पहिले मोठे नाव गूगलचे होते. २००८च्या नोव्हेंबरात गूगलच्या आयफोन ॲपमध्ये आवाजाने शोधण्याची सोय आली. फोन कानाला लावला की ते आपोआप ऐकू लागे. त्यासाठी लागणारा सेन्सर तेव्हा बाहेरच्यांसाठी उघडा नव्हता. गूगलने न छापलेली मेथड वापरल्याचे मान्य केले, आणि ॲप स्टोअरवर राहिले. पुढच्या वर्षी आयफोनच्या ३.० आवृत्तीत ॲपलने ती सोय सगळ्यांना दिली. ही घटना मला दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. लहान माणसाचे ॲप अशा कारणाने रिजेक्ट होते आणि मोठ्या कंपनीचे चालून जाते, हा अन्याय त्यात उघड दिसतो. आणि दुसरे, आज जी मेथड चोरून वापरली जाते ती उद्याची रास्त मागणी असू शकते, हेही दिसते.

नेहमी तसेच होते असे नाही. रात्री पडद्याचा निळसरपणा कमी करणारे एफ-लक्स २०१५च्या नोव्हेंबरात आयफोनसाठी आले. स्टोअरमधून नव्हे. एक्सकोड वापरून लोकांनी स्वतःच्या फोनवर ते चढवायचे, अशी युक्ती होती. ॲपलने हरकत घेतली, बनवणाऱ्यांनी ते लगेच मागे घेतले. चारच महिन्यांनी, मार्च २०१६मध्ये, आयओएस ९.३बरोबर ॲपलची स्वतःची नाइट शिफ्ट आली. एफ-लक्ससारख्यांना मात्र वाट मिळाली नाही. गरज ओळखणाऱ्याला बाहेर ठेवून ती सोय स्वतःच्या नावावर देणे मला पटत नाही, आणि हे इथे स्पष्ट लिहिलेले बरे.

आता दुसरी बाजू. २०१५च्या ऑक्टोबरात सोर्सडीएनए या कंपनीला ॲप स्टोअरमध्ये २५६ ॲप्स सापडली. त्यांत योउमी या चिनी जाहिरात कंपनीची लायब्ररी होती. ती खासगी एपीआय वापरून फोनमधली ओळखचिन्हे आणि ॲपल आयडीचा ईमेल गोळा करून आपल्या सर्व्हरवर धाडत होती. बोलावल्या जाणाऱ्या मेथड्सची नावे तिने अशी लपवली होती की तपासणीत ती दिसली नाहीत. ज्यांची ॲप्स होती त्यांतल्या बहुतेकांना आपल्या ॲपमध्ये हे चालले आहे याची कल्पनाही नव्हती. उबरने फोनची ओळख पुसल्यावरही तो फोन ओळखता यावा म्हणून तंत्र वापरले आणि ते ॲपलच्या मुख्यालयाच्या परिसरात दिसू नये अशी सोय केली, हे २०१७मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापले. हे तंत्र शिकवणाऱ्या माणसाने या दोन गोष्टी मुलांसमोर ठेवल्या नाहीत तर त्याने अर्धाच विषय शिकवला असे मी म्हणेन. फोनचा मालक जिथे नकार देऊ शकत नाही तिथे त्याची माहिती उचलणे ही चोरी आहे. त्यासाठी कोणते फंक्शन बोलावले हा तपशील.

अर्थात, खासगी तेवढे वाईट आणि सार्वजनिक तेवढे निर्मळ, असाही समज नको. आपल्याकडे झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी लोकांचे संपर्क, फोटो, कॉलची यादी उचलून नातेवाइकांना धमकावले ते सगळे उघड्या दाराने, रीतसर परवानगीची चौकट दाखवून. एकही खासगी फ्रेमवर्क त्यांना लागले नाही. शेवटी रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२च्या डिजिटल कर्जाच्या नियमांत लिहावे लागले की अशा ॲप्सनी फोनमधल्या फाइली, संपर्कांची यादी, कॉल लॉग यांना हात लावू नये.

भारतातली या विषयाची सगळ्यात मोठी लढत झाली ती नको असलेल्या कॉल आणि मेसेजवरून. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१६मध्ये डीएनडी नावाचे ॲप अँड्रॉइडवर आणले. त्रास देणारा नंबर ॲपमधून थेट तक्रारीला जोडायचा. त्यासाठी ॲपला कॉल आणि मेसेजची यादी वाचता यायला हवी. अँड्रॉइडमध्ये परवानगी घेऊन ती वाचता येते. आयफोनमध्ये तशी सार्वजनिक सोयच नाही, आणि ॲपलने ती द्यायला खासगीपणाचे कारण देऊन नकार दिला. दोन वर्षे हा वाद चालला. १९ जुलै २०१८ला ट्रायने नियम काढला : सहा महिन्यांत फोनमध्ये अशा ॲपला लागणारी सोय असली पाहिजे, नाहीतर त्या फोनची नेटवर्कवरची मान्यता काढायला कंपन्यांना सांगितले जाईल. त्याच वर्षीच्या आयओएस १२मध्ये ॲपलने नवी सार्वजनिक सोय दिली आणि वर्ष संपण्याआधी ट्रायचे ॲप आयफोनवर आले. तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. ॲपला यादी मिळतच नाही. वापरणारा एखादा कॉल किंवा मेसेज निवडतो, त्याची तक्रार करतो असे सांगतो, आणि तेवढाच ॲपकडे जातो. मला या वादात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर वाटते. सरकारी ॲपला सगळ्या कॉलची यादी द्यायला ॲपलने नको म्हटले ते योग्य. पण तक्रारीची रास्त गरज भागवणारी ही छोटी खिडकी दोन वर्षे आधी का उघडली नाही, याचे समाधानकारक कारण मला सापडलेले नाही.

त्याच काळात अँड्रॉइडवर नको असलेले कॉल तोडणारी ॲप्स चोरवाटेनेच काम करत होती. टेलिफोनी मॅनेजरमध्ये ‘गेट-आय-टेलिफोनी’ ही लपवलेली मेथड होती. सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे नावाने विचारून, म्हणजे रिफ्लेक्शनने, ती उघडायची, आतली वस्तू घ्यायची आणि तिच्यावर ‘एंड-कॉल’ चालवायचे. वर्षानुवर्षे भारतातल्या लाखो फोनांवर हे चालले. २०१८च्या अँड्रॉइड ९मध्ये गूगलने न छापलेल्या मेथड्सना रिफ्लेक्शनने हात लावण्यावर बंधने आणली. काही नावे पूर्ण बंद, काही जुन्या ॲप्सपुरती चालू, काहींवर नुसता इशारा. पण त्याच आवृत्तीत कॉल तोडण्याची सार्वजनिक मेथड दिली, परवानगीसकट. आणखी एक गोष्ट केली जी मला फार आवडली. ज्यांना न छापलेल्या मेथडवाचून गत्यंतर नाही त्यांनी आपली गरज लिहून कळवावी, सार्वजनिक मेथड देण्याचा विचार होईल, असे जाहीर केले आणि त्यासाठी जागा ठेवली.

मला या पुस्तकाच्या वाचकाला जे सांगायचे आहे ते इथे येते. न छापलेली मेथड वापरणारा माणूस बहुधा एका खऱ्या गरजेपाशी उभा असतो, आणि ती गरज अनेकदा आपल्यासारख्या ठिकाणी आधी दिसते. दोन सिम कॅलिफोर्नियात बसून सुचणार नव्हते. गोराईच्या दुकानात ते काचेखाली मांडलेले होते. त्या गरजेचा शोध घ्यायला आत उतरावेच लागते. पण त्यावर इतरांचा व्यवहार उभा राहणार असेल, तर काम उघड्या दारापाशी आणून ठेवणे ही आपलीच जबाबदारी आहे. दार नसेल तर ते मागणे, लिहून मागणे, पुन्हा पुन्हा मागणे हाही प्रोग्रामिंगचा भाग आहे. मार्च २०१५मध्ये अँड्रॉइड ५.१ आले, आणि सबस्क्रिप्शन मॅनेजर या सार्वजनिक क्लासमधून दोन सिमांची रीतसर ओळख झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आले, ३० डिसेंबर २०१६ला भीम ॲप आले. यूपीआयच्या नोंदणीत ॲपने ठरावीक सिमवरून मेसेज पाठवायचा असतो, म्हणजे नंबर आणि फोन यांची सांगड बसते. दोन सिमांच्या देशात हे काम नावांच्या शिडीवर, चिपवाल्याच्या मर्जीवर चालवायचे ठरले असते, तर भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर आज कुणी विश्वास टाकला नसता.

आमच्या वसाहतीत राहणाऱ्याला हे समजावायला फार शब्द लागत नाहीत. गोराई आणि चारकोपची ही वस्ती १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने वसवली. आखलेला भूखंड, रस्ता, पाण्याची आणि गटाराची जोडणी सरकारने द्यायची, घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. म्हणून शेजारी शेजारी एक घर बैठे आणि एक तीन मजली दिसते. प्रत्येकाने काय बांधावे हे कुणी ठरवले नव्हते. ठरलेली होती ती जोडणीची जागा. मीटरमधून आलेल्या नळावर तुम्ही कितीही मजले चढवा, महापालिका रस्त्याखालची वाहिनी बदलते तेव्हा तुमची जोडणी नव्या वाहिनीला लावून देते. परस्पर वाहिनीला भोक पाडून घेतलेले पाणी त्या दिवशी जाते, आणि तक्रार करायला जागा नसते. ॲपलचे आणि अँड्रॉइडचे दरवर्षीचे नवे रूप म्हणजे वाहिनी बदलण्याचा तो दिवस असतो.

मराठीच्या बाबतीतही हाच अनुभव आहे, आणि तो चांगला आहे. इनपुट मेथड लिहिण्याची वाट अँड्रॉइडने सुरुवातीच्या वर्षांतच सर्वांना खुली केली होती. म्हणून पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाला, स्वरचक्र हा कळफलक करता आला. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उघडते. देवनागरीच्या रचनेतूनच आलेली ही कल्पना आहे. ती २०१३मध्ये कुणाचेही कुलूप न तोडता लोकांच्या फोनवर पोचली. आयफोनवर बाहेरच्या कळफलकांना परवानगी मिळायला २०१४चे आयओएस ८ उजाडावे लागले. त्याआधी कुणाला आयफोनवर आपला कळफलक हवा असेल तर फोन जेलब्रेक करण्यावाचून वाट नव्हती. सार्वजनिक दार वेळेवर उघडले तर भाषेचे काय भले होते, हे स्वरचक्र वापरणाऱ्या कुणालाही विचारा.

कायद्याविषयी मुलांच्या मनात भीती असते, म्हणून त्याचे एक प्रकरण पुस्तकात घातले आहे. मी इथे थोडक्यात सांगतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, १९९९च्या दुरुस्तीनंतर, कलम ५२मध्ये स्पष्ट सोय आहे. कायदेशीररीत्या हाती असलेला प्रोग्राम कसा चालतो ते त्यामागची तत्त्वे समजण्यासाठी पाहणे, अभ्यासणे, तपासणे हे उल्लंघन नाही. आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून लागणारी माहिती, जर ती सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळवणेही नाही. याउलट दुसऱ्याच्या यंत्रात त्याच्या परवानगीविना शिरणे आणि माहिती काढणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६खाली येते. ॲप स्टोअरचा नियम ही तिसरीच गोष्ट. तो करार आहे. तो मोडला तर ॲप जाईल, खाते जाईल. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बिल्डमध्ये, शिकण्यासाठी केलेला सराव या पुस्तकात आहे, आणि एवढ्याचसाठी तो आहे.

एक सूचना वाचण्याच्या क्रमाबद्दल. मधली प्रकरणे, म्हणजे मेथड बदलून टाकण्याचे स्विझलिंग आणि अँड्रॉइडचे दुहेरी रिफ्लेक्शन, सगळ्यात चटकदार आहेत आणि मुले आधी तिकडे वळतील. अँड्रॉइडचे ते दुहेरी रिफ्लेक्शन म्हणजे बंधनालाच चकवा देण्याची युक्ती होती आणि अँड्रॉइड ११मध्ये ती बुजवली गेली. प्रकरण इतिहास म्हणून वाचा.

शेवटचे प्रकरण कंटाळवाणे वाटेल, पण नोकरीला लागलेल्याने ते आधी वाचावे. अँड्रॉइडच्या मूळ कोडबरोबर व्हेरिडेक्स नावाचे साधन येते. ॲपची एपीके फाइल त्याला दिली की आत कोणत्या न छापलेल्या मेथड्स बोलावल्या आहेत त्याची यादी ते देते. स्ट्रिक्ट मोडमध्ये तशी सूचना चालू केली, तर ॲप चालतानाही हे लॉगमध्ये दिसते. आयफोनच्या बाजूला बायनरीतली नावे आणि मजकूर काढून पाहण्याच्या पद्धती दिल्या आहेत. योउमीसारख्या लायब्रऱ्या नावे तुकड्यांत लपवतात, म्हणून ॲप चालू असताना पाहणे का आवश्यक आहे, तेही दाखवले आहे. स्वतः लिहिलेला कोड आपल्याला ठाऊक असतो. जाहिरातीसाठी, ॲनालिटिक्ससाठी, पेमेंटसाठी बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्या आपण न वाचता जोडतो, आणि स्टोअरवर नाव आपले असते. प्रत्येक रिलीजच्या आधी ही तपासणी त्या लायब्रऱ्यांवर चालवा, आणि यादीत जे नाव सापडेल त्याबद्दल लायब्ररीवाल्याला लेखी विचारा.